“कल्हईला आलंय”: भांडी बाजारामागच्या चाचांच्या आठवणी

तिवंधा_ते_तपोवन (धागाकर्ता)

आपल्या जुन्या नाशकातले कल्हईवाले चाचा गेल्या शुक्रवारी पहाटे गेले. वय ऐंशीच्या पुढे. जुम्याच्या नमाजनंतर माती दिली. मी गेलो तेव्हा निम्मी गर्दी वाड्यांमधली होती. सराफ बाजार, दहीपूल, बोहोरपट्टी इथले दुकानदार शटर अर्धं ओढून आले होते. पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत, म्हणून इथे लिहायला बसलोय.

नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलाची तशीच इच्छा आहे. बाजारभर ते चाचाच होते.

भांडी बाजारातून आत वळलं की एक बोळ लागतो, समोरून माणूस आला तर आपल्याला अंग चोरावं लागतं असा. तिथे त्यांचं दुकान. दुकान म्हणजे जमिनीत खणलेली कोळशाची भट्टी, चामड्याचा भाता, पाण्याचं टाकं आणि वर लाकडी माळा. सकाळी आठला भाता सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. मे महिन्यातसुद्धा. नाशिकचा मे आणि समोर निखारा, याचा विचार करा.

ज्यांनी कल्हई लावताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भांडं आधी चिंचेने, राखेने घासून काढायचं. पातेलं मोठं असलं तर चाचा त्यात वाळू टाकून अनवाणी उभे राहायचे, दोन्ही तळवे भिंतीला टेकवायचे आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे फिरत राहायचे. पायाखाली वाळू करकरायची. मग भांडं निखाऱ्यावर. सांडशीत धरून फिरवत राहायचं, तळ बेताचा तापला की चिमूटभर नवसागर. भसकन पांढरा धूर उठायचा आणि आमच्या नाकात झिणझिण्या. त्याच क्षणी कथलाची कांडी तळाला टेकवायची. थेंब वितळून पाऱ्यासारखा पळायला लागला की कापसाच्या बोळ्याने तो काठापर्यंत ओढत न्यायचा. चार-पाच फेऱ्यांत पिवळं पातेलं आतून चांदीचं होऊन जायचं. मग टाक्यात बुडवायचं, चर्रर्र! त्या चर्रर्रसाठी आम्ही पोरं शाळेला उशीर करायचो.

भिंतीवर त्यांच्या तळव्यांच्या दोन जागा आहेत. चुना झिजून तिथे काळी गुळगुळीत वाटी झालीय. परवा मी हात लावून पाहिले तर माझ्या छातीच्या खाली आल्या. चाचा इतके बुटके होते हे मला आजवर जाणवलंच नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. आईला विचारून लिहितोय.

मी सातवीत असताना वडिलांचा कारखाना बंद पडला. घरात जे होतं ते चार-पाच महिन्यांत संपलं. एके दिवशी आई तिच्या माहेरचं मोठं पितळी तपेलं जुन्या साडीत गुंडाळून बाजारात निघाली, मोडीत घालायला. मी बरोबर होतो. दुकानाशी पोचली आणि पायरी चढेना. पुढे जायची, मागे यायची. बोळाच्या तोंडाशी चाचा कोळसा घेत उभे होते. त्यांनी दोन वेळा पाहिलं आणि जवळ आले. “वहिनी, बघू तरी काय आणलंय.” साडी बाजूला करून काठावरचं नाव वाचलं. आईच्या आईचं नाव. म्हणाले, “हे मोडीत नाही घालायचं. माझ्याकडे ठेवा.”

वजन केलं. मोडीच्या भावाने जेवढे झाले असते तेवढे पैसे माझ्या हातात दिले, आईच्या नाही. तपेल्याच्या कडीला एक चिंधी बांधली, तिला गाठी मारल्या आणि माळ्यावर चढवलं. कागद नाही, सही नाही.

चार-सहा दिवसांनी शेजारच्या काकूंना ते तपेलं तिथे दिसलं. त्यांनी चाचांना विचारलंच. चाचा भाता मारता मारता म्हणाले, “कल्हईला आलंय.”

दोन वर्षं ते तपेलं कल्हईलाच आलेलं होतं. आई जमेल तसे पैसे द्यायची, ते एक गाठ सोडायचे. शेवटची गाठ सुटली त्या संध्याकाळी चाचा स्वतः तपेलं खांद्यावर घेऊन आमच्या वाड्यात आले. आतून लखलखीत. आई कल्हईचे पैसे देऊ लागली तर म्हणाले, “दोन वर्षं कल्हईला आलं होतं ना, मग कल्हई नको लावायला?”

मला इतकी वर्षं वाटत होतं की हे फक्त आमच्या बाबतीत घडलं. परवा त्यांच्या मुलाने मला दुकानात बोलावलं आणि माळा दाखवला. चौदा भांडी आहेत. प्रत्येकाच्या कडीला, कानाला किंवा गळ्याला चिंधी. प्रत्येक चिंधीला गाठी.

भांड्यांवर नावं आहेत, काहींवर तर गावंही. ती मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरातलं भांडं असं “कल्हईला” गेलं आणि परत आलं नाही, त्यांनी मला निरोप पाठवावा. एक खूण सांगितली तरी पुरे. आणि ज्यांना चाचा आठवतात त्यांनी इथे लिहावं.

मेनरोडची_लेक

वाचता वाचता डोळे भरून आले. मी कानडे मारुती लेनमध्ये वाढले, आता ठाण्यात असते.

चाचांना अक्षरओळख कशी झाली हे कुणाला माहीत आहे का? मला त्यांनीच सांगितलं होतं. शाळेत ते कधी गेलेच नाहीत, आठव्या वर्षी वडिलांच्या भात्यावर बसले. भांडी घरोघर परत पोचवायची तर कुणाचं कुठलं हे कळायला हवं. म्हणून ते काठावरची नावं बोटाने चाचपत बसायचे. ठोक्याठोक्याने, टिंबाटिंबाने कोरलेली अक्षरं. मला म्हणाले, “बेटा, मला पहिलं अक्षर आलं ते ‘सौ’.” सगळी भांडी ‘सौ.’नेच सुरू होतात ना. मग ‘चि.’, मग ‘यांजकडून’. पुढे पेपर वाचायला घेतला तर काही लागेना. कारण भांड्यावरच्या अक्षरांना वरची रेघ नसते! रेघेखालचं अक्षर ओळखायला त्यांना आणखी वर्ष लागलं.

मी दहावीला होते तेव्हा दुकानावरून जाताना रोज मला पेपरातला एक मथळा वाचून दाखवायचे. चुकलं की मी सांगायचे. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी पेढा द्यायला गेले, तर म्हणाले, “आपण दोघं पास झालो.”

रसायनाचा_तास

चाचांवर लिहायचं तर मला कथलावर लिहावं लागेल, थोडं सांभाळून घ्या.

तांब्या-पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं. ताक, आमटी, कोकमाचं सार, काहीही. आम्ल तांब्याला खातं, हिरवट क्षार पदार्थात उतरतात, चव बिघडते आणि पोटही. मधे कथलाचा पातळ थर दिला की हे थांबतं. नवसागर कशाला, तर तो तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात. धातूवर जी काळसर पुटी आलेली असते ती हायड्रोजन क्लोराइड साफ करतो, आणि स्वच्छ धातूवरच कथील धरतं. म्हणून नवसागर आणि कथील यांच्यामधे वेळ दवडायचा नसतो. चाचांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण त्यांचा हात कधी अर्धा क्षण उशिरा पडला नाही.

माझा मुद्दा शिशाचा आहे. कथील महाग, शिसं स्वस्त. दिसायला कल्हई तशीच. मिसळलं तर गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं कळणार नाही, आणि शिसं मात्र रोजच्या आमटीतून लेकराबाळांच्या अंगात जात राहील. तशी मिसळलेली कांडी चाचांकडे कुणी ना कुणी विकायला आणायचंच. मी एकदा समोर होतो. त्यांनी कांडी घेतली, पेपरच्या कोऱ्या कडेवर ओढली, पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. शिशाची खूण. मग स्वतःकडची कांडी घेतली आणि माझ्या कानाशी धरून वाकवली. आतून कुरकुर असा बारीक आवाज आला. शुद्ध कथील वाकवलं की त्याचे स्फटिक सरकतात आणि असा आवाज येतो, हे मी पुस्तकात वाचून मुलांना बरीच वर्षं शिकवत होतो. ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा. चाचा म्हणाले, “असली कथील बोलतं, मास्तर. शिसं मुकं असतं.” विकायला आलेल्याला चहा पाजला आणि कांडी परत दिली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना आमच्या आठवीच्या वर्गात घेऊन गेलो. पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून आले होते. पन्नास मुलं होती, प्रत्येकाच्या कानाशी कांडी धरून वाकवली. तास संपला, मधली सुट्टी झाली, तरी रांग संपेपर्यंत ते बाकांमधून फिरत होते.

पंचवटीकर

भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या आजीच्या सगळ्या भांड्यांवर त्यांचा हात फिरलाय.

पंगत_वाढा

आमचं घर आचाऱ्यांचं. आजोबा, वडील, आता मी. आमची पातेली म्हणजे शंभर-दीडशे पानांची, दोन माणसांशिवाय उचलत नाहीत. अशा भांड्याची कल्हई म्हणजे ताकदीचं काम असतं, कारण अख्खं भांडं एकदम तापत नाही. एक बाजू तापवा, लावा, फिरवा, दुसरी बाजू. जोड दिसला तर तिथूनच कल्हई सुटते. चाचांच्या भांड्यात जोड कुठे ते मला कधी सापडलं नाही.

२०१५ च्या सिंहस्थाची गोष्ट सांगतो. १४ जुलैला रामकुंडावर ध्वजारोहण होतं. तपोवनात साधुग्राम उभं राहिलं होतं, आम्हाला एका अन्नछत्राचं काम मिळालं होतं. भांडी बाहेरगावाहून आली ती आतून पार उघडी पडलेली, तांबं दिसत होतं. त्यात कढी कशी करणार? वडील चाचांकडे गेले. रमजान चालू होता, त्या वर्षी ईद १८ जुलैला होती. म्हणजे शेवटचे रोजे, दिवसभर पाण्याचा घोट नाही, आणि समोर भट्टी. वडील म्हणाले, चाचा, दुसरा कुणी असेल तर सांगा, तुम्हाला या दिवसांत सांगायला जीव होत नाही. चाचांनी हातगाडीवर भट्टी घातली आणि तपोवनात आले. तीन दिवस. सत्तरी ओलांडलेला माणूस. उन्हं कलली की मी त्यांच्याकडे बघायचो, ओठ पांढरे पडलेले असायचे. दिवेलागणीला आमच्या वडिलांनी त्यांच्यासाठी खजूर आणि पाणी काढून ठेवलेलं असायचं. तिथले एक वृद्ध साधू शेवटच्या दिवशी आपला कमंडलू घेऊन आले आणि स्वतः त्यांच्याशेजारी बसून राहिले, रोजा सुटेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता करा.”

मजुरी नेहमीचीच घेतली. सिंहस्थात नाशकात चहाचासुद्धा भाव वाढतो हे तुम्हाला सांगायला नको.

निफाडचा_बागायतदार

प्रश्न जरा वेगळा आहे, राग नसावा. घरी आईची सात-आठ पितळी भांडी आहेत, हल्ली परत वापरायला काढली आहेत. आता कल्हई कोण लावतं? आणि लावल्यावर काय सांभाळायचं?

तिवंधा_ते_तपोवन (धागाकर्ता)

@निफाडचा_बागायतदार, राग कसला? चाचांना हाच प्रश्न सगळ्यात आवडायचा. मुलगा दुसऱ्या नोकरीत आहे पण काम शिकलेला आहे, दर रविवारी दहा वाजता भट्टी पेटवतो. पुढेही पेटवणार म्हणतोय.

सांभाळायचं ते चाचांच्याच शब्दांत: रिकामं पातेलं विस्तवावर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, कोरडं भांडं तेवढं सहज तापतं आणि कल्हई तळाशी गोळा होते. आत तारेची घासणी नको, लोखंडी उलथनं नको, लाकडी डाव वापरा. रोजच्या भांड्याला वर्षातून दोनदा तरी लावून घ्या. आतून पिवळं डोकावायला लागलं की थांबू नका.

गंगाघाट_बुधवार

मी पुराचं लिहितो. माझं लहानपण सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर गेलं. बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर फुटांत कुणी मोजत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागला का, गळ्याला लागला का, सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या, हीच मापं. १९६९ चा महापूर चाचांनी वडिलांबरोबर पाहिला होता, तो ते फार सांगायचे. मी पाहिला तो १९ सप्टेंबर २००८ चा.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, दिवसभर वाढतच होतं. सराफ बाजारात पाणी शिरलं तसे सगळे आपापला माल वर चढवायला धावले. मी चाचांच्या बोळात गेलो तेव्हा पाणी मांडीला होतं. आणि हंडे, कळश्या, पातेली होड्यांसारखी उभ्याउभ्या तरंगत बोळातून बाहेर निघाली होती. चाचा पाण्यात उभे होते. एक लांब दोर घेऊन प्रत्येक भांड्याच्या कडीतून ओवत होते, माळेसारखा. ज्याला कडी नाही ते पाण्याने भरून खाली बुडवायचे, म्हणजे वाहून जाणार नाही. डोकं बघा माणसाचं. मी आणि आणखी दोघं लागलो हाताला. ती माळ ओढत ओढत चढावर नेली आणि एका वाड्याच्या खांबाला बांधली.

भाता मात्र राहिला. चामडं दोन दिवस पाण्यात भिजून फुगलं आणि नंतर वाळताना चिरलं. वडिलांच्या हातचा भाता होता. मी म्हणालो, चाचा, आधी भाता काढायचा होतात. तर म्हणाले, “भाता माझा होता. भांडी लोकांची.”

पाणी ओसरल्यावर गाळातून भांडी काढून, धुऊन, एकेक नाव वाचत घरोघर पोचवली. वाडे खचले होते, माणसं नातेवाइकांकडे गेली होती, तरी शोधून शोधून दिली. २ ऑगस्ट २०१६ ला आणि ४ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा बाजार बुडाला, पण तोवर त्यांनी सगळं काम संपलं की भांडी रोज रात्री माळ्यावर चढवायची सवय लावून घेतली होती. पावसाळ्याचे चारही महिने. त्या वयात शिडीवरून.

हिशेब_रोखठोक

सगळं वाचलं. माणूस मोठा होता यात शंका नाही. पण एक विचारतो, कारण उद्या कुणी बाहेरचा हा धागा वाचेल आणि वेगळाच अर्थ काढेल. भांडं ठेवून पैसे देणं याला गहाण म्हणतात. व्याज घेत होते का? आणि मुदतीत पैसे आले नाहीत तर भांडं विकत होते का? स्पष्ट झालेलं बरं.

बोळातली_शेजारीण

मी सांगते. आमचं घर त्यांच्या दुकानाला लागून, चाळीस वर्षांची मी साक्षीदार आहे.

व्याज एक पैसा नाही. मुदत नाही. विकलेलं तर एकही नाही, नाहीतर माळ्यावर चौदा उरली असती का? एका गाठीला शंभर रुपये, एवढाच हिशेब. गाठी चिंधीला, कारण वहीत लिहिलं तर कुणी वाचेल असं त्यांना वाटायचं.

पण हेही लिहिते, नाहीतर चाचींवर अन्याय होईल. हे सगळं फुकट झालेलं नाही. चाचींच्या दोन बांगड्या यात गेल्या त्या परत आल्या नाहीत. पावसाळ्यात त्यांच्या घरात तीन ठिकाणी परात लावलेली असायची. एकदा मी त्यांना रडताना पाहिलं. म्हणाल्या, “दुनियेची अब्रू माळ्यावर ठेवली आणि माझं छप्पर गळतंय.” त्यांचं बरोबरच होतं. दोघांमधे महिनाभर बोलणं बंद होतं. मग एका संध्याकाळी एक बाई आली, मी नाव सांगणार नाही, फाटक्या पदराखाली दोन वाट्या आणि एक पेला झाकून आणलेला. चाचा नेमके बाहेर गेले होते. चाचींनी त्या वाट्या घेतल्या, आतून पैसे आणून दिले आणि स्वतः चिंधी बांधली. चाचा आल्यावर त्यांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी माळ्यावर पाहिलं, त्यांना कळलं. त्या गाठी वेगळ्या दिसतात, चाची उलट्या हाताने गाठ मारायच्या. त्या चौदांमधे ते असेल तर शोधून बघा.

हिशेब_रोखठोक

मनापासून आभार. माझा प्रश्न मागे घेतो.

तिवंधा_ते_तपोवन (धागाकर्ता)

वहिनी, आहे. दोन वाट्या आणि एक पेला, एकात एक ठेवून, उलट्या गाठींनी. आम्हाला वाटलं होतं चिंधी नंतर बदलली असेल.

तीन दिवसांत मला नऊ निरोप आले. मी आधी लिहिलं ना, मला वाटत होतं हे आमच्याच बाबतीत झालं. निरोप पाठवणाऱ्या प्रत्येकाने हेच वाक्य लिहिलंय. त्यातले दोघं तर एकाच वाड्यातले, भिंतीला भिंत लागून राहिलेले. पाच भांडी ओळखली गेली. एक परातीच्या मागच्या डागावरून, एक ‘यांजकडून’मधला ‘ज’ उलटा कोरलेला आहे त्यावरून.

चाचांच्या मुलाने इथे लिहायला सांगितलंय ते त्याच्या शब्दांत देतो: “अब्बा शेवटच्या आठवड्यात बोलत होते तेव्हा माळ्याचंच बोलत होते. म्हणाले, कुणी आलं तर गाठी मोजू नको, भांडं धुऊन दे. पैसे आणले तर घेऊ नको, ते मी त्यांना दिले होते, तू नाही. आता मी सगळ्या भांड्यांना एकदा कल्हई लावतोय. चाळिसाव्याच्या आत पूर्ण होईल. मग या.”

मेनरोडची_लेक

मुलाला सांगा, मी ठाण्याहून येईन. भांड्यासाठी नाही. भिंतीवरच्या त्या तळव्यांच्या जागा पुढच्या रंगकामात बुजवू नका एवढं सांगायला.

दूरदेशी_कळशी

मी या धाग्यावर रोज येत होते आणि काही न लिहिता परत जात होते. आज लिहिते.

आमचं घर बाहेरून चांगलं होतं. वाड्यात आमचीच खोली मोठी होती. त्यामुळे कुणाला वाटलंच नसतं. आईकडे एक पितळी पातेलं होतं, दिवाळीला अनारशाचं पीठ त्यातच भिजायचं. एका वर्षी ते दिसेना. मी विचारलं तर म्हणाली, कल्हईला दिलंय. पुढच्या दिवाळीला विचारलं, कल्हईला दिलंय. त्याच्या पुढच्या दिवाळीला मी चिडले, म्हटलं, कल्हईला दोन वर्षं लागतात का? ती काही बोलली नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मग माझं लग्न झालं, मी इकडे आले. आई सहा वर्षांपूर्वी गेली. शेवटी शेवटी तिला फारसं आठवत नव्हतं. पण मी फोन केला की मधेच म्हणायची, ते पातेलं कल्हईला दिलंय, आणायचं राहिलं. मी वहिनीला म्हणायचे, हिला भ्रम होतोय.

खूण सांगते. काठाला एका जागी पोचा आहे, बोटाचं पेर बसेल एवढा. मी पाच वर्षांची असताना ते माझ्या हातून ओट्यावरून पडलं होतं. त्या पोच्याच्या खाली नाव आहे आणि नावातला शेवटचा ठिपका जरा लांब मारला गेलाय.

तिवंधा_ते_तपोवन (धागाकर्ता)

ताई, आहे. मी आत्ताच जाऊन आलो. पोच्यात माझ्या करंगळीचं पेर बसलं. मुलगा म्हणतोय, याला अजून कल्हई लावायची आहे, तुम्ही येणार असाल तर तोवर थांबतो. चिंधी तशीच आहे.

दूरदेशी_कळशी

थांबायला सांगा. तिकीट काढलंय, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दहा वाजता दुकानात असेन. तो पैसे घेणार नाही हे वाचलं, मी आग्रह करणार नाही. पण गाठी त्याने सोडू नयेत. किती आहेत तेही सांगू नका. त्या मी सोडते.